पॉवरशेलमधून घेतलेला मायएसक्यूएलचा बॅकअप नीट रिस्टोअर होत नाहीये, काय करू?

तुम्ही लिहिलंय की दुकानाच्या बिलिंगचा डेटाबेस नव्या मशीनवर न्यायचाय, पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीत) मायएसक्यूएलडंप ही बॅकअप घेणारी कमांड चालवून > (आउटपुट फाइलमध्ये वळवणारं चिन्ह) ने फाइल बनवली, ती चढवताना 'एएससीआयआय शून्य' वगैरे एरर आली, मग नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ करून चढवली तर एरर गेली पण गिऱ्हाइकांची मराठी नावं भलत्याच अक्षरांत दिसतायत. जुन्या मशीनवरचा डेटा शाबूत आहे, काळजी करू नका. सगळा घोळ त्या > चा आहे.

मायएसक्यूएलडंप बरोबर यूटीएफ-८ मध्येच (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) लिहितं, पण विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ ते वाटेतच वाचतं, आपल्या कोडपेजप्रमाणे (विंडोजच्या जुन्या अक्षर-तक्त्याप्रमाणे) त्याचा अर्थ लावतं आणि फाइलमध्ये यूटीएफ-१६ या वेगळ्या पद्धतीत करून टाकतं, म्हणजे नावं फाइल बनतानाच बिघडली. एररमध्ये सुचवलेला बायनरी मोड लावूनही ती सुधारणार नाहीत. त्या फाइलच्या मागे लागू नका, नवीन डंप घ्या (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा):

मायएसक्यूएलडंप -यू रूट -पी --सिंगल-ट्रान्झॅक्शन --रूटीन्स --रिझल्ट-फाइल=दुकान.एसक्यूएल दुकान

रिझल्ट-फाइल दिलं की फाइल डंप स्वतःच लिहितं, पॉवरशेलचा हात लागत नाही. सिंगल-ट्रान्झॅक्शनमुळे बिलिंग चालू असतानाही सगळी टेबलं एकाच क्षणाची मिळतात, पण हे फक्त इनोडीबी (मायएसक्यूएलचा टेबलं साठवायचा एक प्रकार) टेबलांपुरतं. रूटीन्स नाही दिलं तर स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) येतच नाहीत. पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, विचारेल तेव्हा द्या.

फाइल झाली की सगळ्यात खालची ओळ बघा, तिथे 'डंप कम्प्लीटेड ऑन' आणि तारीख पाहिजे, नसेल तर डंप अर्धवट राहिलाय, डिस्क भरली की असं होतं.

रिस्टोअर करताना पॉवरशेलमध्ये < (फाइल आत देणारं चिन्ह) चालतच नाही. नव्या मशीनवर दुकान_चाचणी नावाचा रिकामा डेटाबेस यूटीएफ८एमबी४ मध्ये बनवा, मायएसक्यूएलमध्ये शिरा, यूज दुकान_चाचणी म्हणा आणि सोर्स लिहून पुढे फाइलचा पाथ द्या. चालू डेटाबेसवर थेट चढवू नका हो, डंपमध्ये प्रत्येक टेबलाआधी ड्रॉप टेबल असतं, ते आधीचं टेबल उडवतं. आणि डंप घेताना --डेटाबेसेस लावलं असेल तर फाइलमध्येच यूज दुकान (म्हणजे दुकान डेटाबेस वापर) लिहिलेलं असतं, तुम्ही चाचणीत चढवताय समजाल आणि सगळं जाईल मूळ डेटाबेसवर.

मग वर्कबेंचमध्ये (मायएसक्यूएलच्या खिडक्या-बटणांच्या प्रोग्राममध्ये) गिऱ्हाइकांचं टेबल उघडून नावं वाचा, कमांडच्या काळ्या खिडकीत देवनागरी नीट दिसेलच असं नाही. शेवटची बिलंही जुन्या मशीनशी ताडून बघा. हे टाळू नका, जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा डेटाबेस चुकून उडाला तेव्हा कळलं की पीजीडंपचं (पोस्टग्रेस डेटाबेसच्या बॅकअप साधनाचं) व्हर्जन सर्व्हरशी जुळत नसल्यामुळे त्यांचे बॅकअप बनतच नव्हते, सुमारे ६ तासांचा डेटा गेला.

ती बिघडलेली फाइल आजच डिलीट करा, नाहीतर पुढे कधीतरी घाईत कुणीतरी तीच चढवेल.