तासिका तत्त्वावर रुजू होते आहेस म्हणून

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि राहवलं नाही. मी नऊ वर्षं कॉलेजांत तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, काढली. सकाळी शिवाजीनगर, दुपारी हडपसर, मध्ये पीएमपीच्या बसमध्ये मांडीवर पेपरांचा गठ्ठा.

आधी कागद सांभाळ. नेमणूकपत्र, विद्यापीठाची मान्यता आणि तारखांसह अनुभवाचा दाखला. सत्र संपलं की त्याच आठवड्यात मागून घे, संकोच करू नकोस. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी यादी लावताना अध्यापनाच्या दर वर्षाला २ गुण धरतात, जास्तीत जास्त १०. माझी दोन वर्षं त्यात धरलीच गेली नाहीत. प्राचार्य बदलले, हजेरीपट सापडेना, दाखला मिळाला नाही. ते अजून सलतं.

मे महिन्यात तास नाहीत, म्हणजे मानधन नाही. शिवाय आधीचंही उशिरा येतं. भाड्याचे पैसे दिवाळीपासूनच बाजूला काढ.

नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, प्रवेशाचं टेबल, स्नेहसंमेलन, मी कशालाच नाही म्हटलं नाही. पुढची नेमणूक त्यांच्याच हातात, ही भीती खरीच असते गं. पण चौथ्या वर्षी एकदा वर्गात खडू हातात धरून उभी राहिले आणि काय शिकवायचंय तेच आठवेना. पोरं गप्प बसून बघत होती. त्या दिवशी डॉक्टरकडे गेले, ते खूप आधी जायला हवं होतं. तुला झोप लागत नाही म्हणालीस ना? मग थांबू नकोस.

रविवारी कोथरूडला घरी ये, दाखल्याचा अर्ज दोघी बसून लिहू.