एप्रिलच्या मध्यात पावडर (ताजा, भुरभुरीत बर्फ) पडली तर सुट्टी टाकून जावं का?

यंदाच सॉल्ट लेक सिटीला आलात, डिसेंबरपासून स्की शिकताय, ब्लू रन, म्हणजे नकाशावर निळ्या खुणेचे मध्यम अवघड उतार, बऱ्यापैकी जमतात, पुढच्या मंगळवारी रात्री मोठं वादळ दाखवतायत आणि ऑफिसमधले सगळे म्हणतायत आता कशाला जातोस, सीझन संपला, असं तुम्ही लिहिलंय. टाका सुट्टी, बुधवारची टाका. पूर्ण दिवस मिळत नसेल तर सकाळची अर्धी टाका, एप्रिलमध्ये तेवढीच लागते.

सीझन संपला म्हणणाऱ्यांचं मला कळतं, पाच महिने तेच बूट घालून लोक कंटाळलेले असतात, सायकली बाहेर निघतात, निम्मी मंडळी वाळवंटातल्या मोआबला जातात. पण बर्फ संपलेला नसतो ना! शहराजवळच्या लिटल कॉटनवुड कॅन्यनमध्ये, म्हणजे स्कीच्या डोंगरांकडे जाणाऱ्या दरीत, वर्षभरात साचलेला थर सगळ्यात जाड असतो तो एप्रिलमध्येच. त्यातल्या अल्टा या स्की रिसॉर्टला सरासरी ५४० इंचांच्या आसपास बर्फ पडतो, २०२२-२३ ला तर ९०३ इंच पडला होता आणि त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला हिमस्खलनामुळे कॅन्यनचा रस्ता कित्येक दिवस बंद होता. म्हणजे एप्रिलमधलं वादळ ही इथे काही नवलाची गोष्ट नाही. आपल्याकडे वळीव येतो ना, दुपारी आभाळ भरून आलं, धो धो कोसळला आणि संध्याकाळी लख्ख, इथलं वसंतातलं वादळ मला तसंच वाटतं, कधी विजासुद्धा कडाडतात आणि बर्फाच्या जागी साबुदाण्याएवढे पांढरे गोळे पडतात, त्याला ग्रॉपेल म्हणतात. ग्रॉपेल बघून नाराज होऊ नका, स्कीखाली ते छान मऊ लागतं.

जानेवारीची पावडर आणि एप्रिलची पावडर यात खरा फरक सूर्याचा आहे. १५ एप्रिलला सूर्य आकाशात जेवढा वर असतो तेवढाच ऑगस्टच्या शेवटी असतो, म्हणजे तुम्ही बर्फावर उभे असता पण डोक्यावर ऊन ऑगस्टचं. हवा शून्याखाली असली तरी दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन पडलं की तास-दोन तासात भुरभुरीत पावडरची भिजवलेली कणीक होते, स्की वळता वळत नाही आणि गुडघे दुखावतात. उत्तरेकडच्या उतारावर तोच बर्फ दुपारपर्यंतसुद्धा कोरडा राहू शकतो. बरेच जण आकाश बघून ठरवतात, ढग आहेत म्हणजे बर्फ टिकेल, पण पातळ ढग असले तर उलट जास्त लवकर खराब होतो कारण उष्णता आतच अडकते, इथले लोक त्याला ग्रीनहाउसिंग म्हणतात. म्हणून नकाशा बघताना रन हिरवा (सोपा) की निळा एवढंच बघू नका, त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा, मला हे कळायला तीन सीझन लागले आणि कोणीतरी पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं असं फार वाटतं.

माझा एक दिवस सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी, एप्रिलचा दुसरा आठवडा, आदल्या दिवशी संध्याकाळी खाली गावात नुसता पाऊस. पहाटे पाचला उठून अल्टाच्या स्नो स्टेकचा, म्हणजे बर्फ मोजायच्या पट्टीचा, कॅमेरा बघितला तर पट्टीवर १४ इंच. मी आणि ऑफिसमधला एक मित्र, तो इथेच वाढलेला, साडेसहाला कॅन्यनच्या तोंडाशी रांगेत उभे राहिलो, वर हिमस्खलनाचं काम चालू होतं, स्फोट करून कच्चा बर्फ मुद्दाम आधीच पाडतात आणि मग रस्ता उघडतात. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला, अकोल्यात संध्याकाळ झाली होती आणि दिवसा ४२ डिग्री होतं, मी काचेतून समोरचा डोंगर दाखवला तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, नुसती बघत होती. मग म्हणाली, जपून जा रे बाबा.

रस्ता आठच्या पुढे उघडला. पहिले दोन रन धुक्यात गेले, समोरचं काही दिसत नव्हतं, पण स्की बर्फात शिरल्यावर जो आवाज बंद होतो ना तो मी शब्दात नाही सांगू शकत, खरवडल्याचा आवाज नाही, काही नाही, फक्त स्वतःचा श्वास. सव्वादहाला ढग फाटले आणि साधारण त्याच सुमाराला स्की पॅट्रोलने, म्हणजे डोंगरावरच्या सुरक्षा पथकाने, बॉलरूम नावाच्या उताराची दोरी काढली. तो मोठा वाडगा माउंट बाल्डीच्या खाली आहे, रात्रभरात कोणी पाय न ठेवलेला, आणि रांगेत आमच्या पुढे फार तर तीसेक माणसं. जानेवारीत शनिवारी तिथे किती गर्दी असते विचारू नका. तीन वेळा वर जाऊन तीन वेळा खाली आलो, पोटरीच्या वर बर्फ, प्रत्येक वळणाला छातीवर उडत होता. साडेअकराला ऊन कडक झालं तेव्हा उन्हातल्या कडांवरून बर्फाची छोटी छोटी चाकं आपोआप गडगडत खाली यायला लागली, मित्र म्हणाला आता या बाजूला नको. ती चाकं दिसली की बर्फ ओला होतोय असं समजायचं, ती खूण लक्षात ठेवा.

१४ इंच एवढे चांगले लागले त्याला अजून एक कारण होतं, वादळ आधी उबदार आणि नंतर थंड होत गेलं. आधी जड बर्फ पडून जुन्या कडक खपलीला चिकटला आणि वर हलका पडत राहिला, असा खाली जड वर हलका थर असला की स्की तरंगते. उलटं झालं, म्हणजे वर जड आणि खाली हलका, की स्की आत रुतते. आणि नुसते चार इंच असतील तर एप्रिलमध्ये मी नाही जात, खालची रात्री गोठलेली खपली दर वळणाला खडखडते. तुम्ही अंदाज बघताना इंचांबरोबर तापमान रात्रीतून उतरतंय का ते बघा. (इथे प्रत्येक बर्फाचं श्रेय ग्रेट सॉल्ट लेकला द्यायची पद्धत आहे, पण बहुतेक बर्फ पॅसिफिकवरून येणाऱ्या वादळांचा आणि वासॅच डोंगररांगेच्या उंचीचा आहे, तळ्याचा वाटा त्यामानाने लहान.)

तुमच्या लेव्हलला बॉलरूमच्या मागे पहिल्याच दिवशी लागू नका. मॅम्बोसारखा ब्लू रन घ्या, रात्री मशीन फिरून गेल्यावर त्याच्यावर सात-आठ इंच पडलेला असला तर खाली सपाट आणि वर मऊ, शिकायला यापेक्षा चांगलं काही नाही. पाय जवळ ठेवा, वजन दोन्ही स्कीवर सारखं, आणि मागे रेलून बसायचं नाही, सगळे सांगतात मागे रेल म्हणून पण त्याने फक्त मांड्या भरून येतात. थोडा वेग लागतो, फार हळू गेलात तर वळणच होत नाही. भाड्याने घेताना मधून १०० मिलिमीटरच्या आसपास रुंद स्की मागा आणि वॅक्स उबदार हवेचं लावून घ्या, नाहीतर दुपारी सपाट भागात स्की चिकटते. पडलात आणि स्की निघाली तर ती तुमच्या खाली नसते, वर असते, कारण ती निघाली तिथेच बर्फात शिरते आणि तुम्ही घसरत पुढे येता, मी वीस मिनिटं खाली शोधत होतो. सनस्क्रीन कानामागे आणि नाकाच्या खालीसुद्धा लावा, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो.

एक मात्र कळकळीने सांगतो, झाडांमध्ये एकट्याने जाऊ नका. सूचिपर्णी झाडाच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळ, सैल बर्फ असतो, त्यात डोकं खाली होऊन पडलं की स्वतःहून बाहेर येणं फार कठीण, माणसं गुदमरतात. बरोबरचा माणूस कायम नजरेत हवा, आणि बंद दोरीच्या पलीकडे कधीच नाही, चार जणांच्या खुणा दिसत असल्या तरी नाही.

आता जाण्यायेण्याचं. स्नोबोर्ड नेणार असाल तर अल्टाला चालत नाही, शेजारच्या स्नोबर्डला जा, ते बहुधा मेपर्यंत चालू असतं, फक्त तिथलं मिनरल बेसिन दक्षिणेकडे झुकलेलं आहे म्हणून ते सकाळी आधी उरका. एप्रिलमध्ये स्की बस बंद व्हायला लागते, तारीख बघून घ्या, आणि स्वतःची गाडी नेणार असाल तर टायर नियमात बसतात का तेही आधीच बघा. साडेबाराच्या सुमाराला मात्र वर रेंगाळू नका. कॅन्यनचा रस्ता पूर्व-पश्चिम जातो आणि त्याच्या उत्तरेकडचे सगळे उभे उतार दक्षिणेकडे तोंड करून रस्त्यावर वाकलेले आहेत, म्हणजे दिवसभराचं ऊन नेमकं त्यांच्यावर पडतं, दुपारी तिथून ओला बर्फ सुटायला लागला की रस्ता बंद करतात आणि मग कधी उघडेल काही सांगता येत नाही. आम्ही त्या दिवशी एकच्या आत खाली उतरलो, मधल्या वळणावर उजव्या कडेला रस्त्याच्या अगदी जवळपर्यंत येऊन थांबलेला एक ताजा लोंढा दिसला, आम्ही वर जाताना तो नव्हता.