एसीचा फिल्टर घरी बदलता येईल का?

प्रश्न : माझ्या गाडीचा एसी पावसाळ्यापासून कमी वारा देतो आणि सुरू करताच कुबट वास येतो. केबिन फिल्टर घरीच बदलता येईल का? जुना धुऊन चालेल का?

उत्तर : येईल, आणि बहुतेक गाड्यांत त्याला पंधरा-वीस मिनिटेच लागतात. हा फिल्टर गाडीत येणारी हवा गाळतो आणि सहसा ग्लोव्हबॉक्सच्या, म्हणजे डाव्या सीटसमोरच्या कप्प्याच्या, मागे असतो. बॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो. मात्र बाजूला बारीक दांडी किंवा दोरी जोडलेली असल्यास ती आधी सोडवावी, कारण ओढाताणीत तीच तुटते. मागचे प्लास्टिकचे झाकण काढून फिल्टर आडवाच, हळू ओढावा, म्हणजे साचलेला पालापाचोळा पंख्यात पडणार नाही. कडेवरचा बाण कोणत्या दिशेला आहे हे मोबाइलवर टिपून ठेवावे आणि नवा फिल्टर त्याच दिशेने बसवावा; घरी काम करणाऱ्यांची चूक होते ती नेमकी इथेच.

कागदी फिल्टर धुऊ नये. पाण्याने त्याचे तंतू विस्कटतात आणि ओल राहून वास वाढतो. ही काटकसर महागात पडते. साधारण दहा ते पंधरा हजार किलोमीटरनंतर, धुळीच्या रस्त्यांवर त्याआधीही, तो बदलावा. गाडीच्या पुस्तिकेतील अंतर अंतिम मानावे. काही स्वस्त मॉडेलांत कंपनी हा फिल्टर बसवतच नाही, म्हणून खरेदीपूर्वी खण उघडून पाहावा. नव्या फिल्टरनंतरही वास टिकला, तर बाष्पक (इव्हॅपोरेटर), म्हणजे एसीतील हवा थंड करणारा भाग, स्वच्छ करून घ्यावा लागेल.