एनएफएसडी (लिनक्स कर्नलमधला, नेटवर्कवरून फाइल्स देणारा एनएफएस सर्व्हर) मॉड्यूल लोड होत असतानाच एक्सपोर्टएफएस (कोणत्या डिरेक्टरी शेअर करायच्या ते ठरवणारी कमांड) चालवलं की कर्नल ऊप्स (कर्नलमधली गंभीर चूक) येतो. इनिटचा, म्हणजे मॉड्यूल सुरू होतानाच्या कामांचा क्रम कसा सुधारू?

प्रोकमधली (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या /proc फाइल-सिस्टिममधली) एक्सपोर्ट्स फाइल तयार करणारी ओळ इनिट फंक्शनच्या अगदी शेवटी न्या आणि एक्झिटमध्ये (मॉड्यूल काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ती फाइल सगळ्यात आधी काढा. फाइल दिसू लागली की ती कुणीही, कोणत्याही क्षणी उघडू शकतं. तोवर परनेट नोंदणी (प्रत्येक नेटवर्क नेमस्पेससाठी मॉड्यूलचा वेगळा डेटा तयार करणारी नोंदणी) झालेली नसेल तर नेट-आयडी (तो डेटा शोधायचा क्रमांक) शून्यच असतो आणि उघडणारा कोड भलत्याच पॉइंटरवर जातो. लिनक्सच्या मूळ कोडमध्ये २०२५ साली हाच बदल झाला. जास्तीचं लॉक घालून हे झाकू नका, क्रमच बदला. मात्र एरर-पाथही (चूक झाल्यावर चालणारा कोडही) तपासा: गोटूची लेबलं (चूक झाल्यावर कोड उडी मारून जिथे आवराआवर करतो त्या जागा) नव्या क्रमाच्या बरोबर उलटी हवीत, नाहीतर इनिट मध्येच फसल्यावर एखादी नोंदणी तशीच मागे राहते.