उन्हाळ्याच्या सुट्टीत लांब कुठे जाणं जमणार नाही. दोन मुलं, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि रजा न मिळणारा नवरा, अशा घराने जवळच्या जवळ काय करावं?

तुमचा प्रश्न वाचून आमच्याच घरात कुणी डोकावून गेलं की काय असं वाटलं. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठची, सासूबाई ऐंशी पार केलेल्या, आणि नवऱ्याची रजा दरवर्षी पावसाळ्यातच मंजूर होते. गेले तीन उन्हाळे आम्ही असेच काढलेत. पहिला पार फसला, दुसरा बरा गेला आणि तिसऱ्याला मुलांनी मोठ्या सहलीचं नावच काढलं नाही. त्या जोरावर सांगते: नव्या जागा शोधत बसू नका. घरापासून दहा मिनिटांवरची एकच जागा धरा आणि तिथेच पुन्हापुन्हा जा.

हे ऐकून मीही हसले असते. पहिल्या वर्षी मी वीस ठिकाणांची यादी करून फ्रिजला चिकटवली होती. रोज एक नवं ठिकाण, म्हणजे कंटाळ्याला जागाच नको. चौथ्या दिवशी एका वाचनालयाच्या बंद दारासमोर आम्ही चौघं उभे होतो, कारण साप्ताहिक सुट्टीचा वार विचारून घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलगी रडायला लागली, मुलाने ‘मी आधीच म्हटलं होतं’ हे वाक्य टाकलं (म्हटलं नव्हतं), आणि आई, म्हणजे सासूबाई, पायरीवर बसून म्हणाल्या, “मला इथेच राहू दे, येताना घेऊन जा.” यादी त्याच संध्याकाळी फाडली.

मग जे झालं ते ठरवून झालं नाही. आईंना फार चालवत नाही आणि त्यांना घरी एकटं सोडायचं नव्हतं, म्हणून जवळच्या एका मोठ्या झाडाखालच्या बाकापर्यंत जायचं, थोडं टेकायचं आणि परत यायचं, एवढंच सुरू झालं. पहिले तीन-चार दिवस मुलांनी तोंडं वाकडी केली. “तिथे आहे काय बघायला?” खरंच काही नव्हतं. एक झाड, दोन बाक, एक घसरगुंडी, बाजूला पत्र्याची शेड. पण पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांना फरक दिसायला लागले. फरक दिसायला आधीचं काहीतरी ओळखीचं असावं लागतं. रोज नव्या जागी गेलं तर सगळंच नवं, मग लक्ष कशाकडेच जात नाही.

जागेपेक्षा डोकं वेळेवर चालवा. उन्हाळ्यात ‘पाच वाजता निघू’ हे ठरवणं फसवं आहे. सूर्य डोक्यावर दुपारी बाराच्या आसपास येतो, पण हवा सगळ्यात जास्त तापते ती तीन-चारच्या सुमाराला. बारानंतरही जमीन जितकी उष्णता घेते तितकी सोडत नाही, म्हणून पारा चढतच राहतो. तेव्हा आमच्याकडे घड्याळ नाही, सावली ठरवते. माणसाची उंची त्याच्या स्वतःच्या साधारण साडेसहा पावलांएवढी असते. टाचेला अंगठा लावून मोजायची पावलं, चालायची नव्हेत. म्हणजे सावली साडेसहा पावलांची झाली की सूर्य आकाशात अर्ध्यावर उतरला, आणि तेरा पावलांची झाली की ती उंचीच्या दुप्पट झाली. आमचा नियम असा की तेरा पावलं भरल्याशिवाय चपला घालायच्या नाहीत.

यातली गंमत मला आधी कळली नव्हती. स्वतःची सावली एकट्याने मोजता येत नाही. मुलगी पहिल्या दिवशी पाऊल पाऊल टाकत निघाली आणि सावलीचं डोकं तिच्या पुढे तेवढंच सरकत राहिलं. पार कुंपणापर्यंत पोचली आणि मागे वळून म्हणाली, “ही संपतच नाही!” दादा खिडकीत बसून हसत होता. शेवटी त्यालाच खाली यावं लागलं, डोक्याच्या जागी दगड ठेवायला. दगड ठेवणारा एक आणि मोजणारा एक. जो मुलगा बहिणीबरोबर दोन मिनिटं एका खोलीत बसत नव्हता, तो रोज संध्याकाळी खडू घेऊन उभा राहायला लागला. तिच्या पायांनी मोजायचं की त्याच्या, यावरून भांडणं झालीच. मग प्रत्येकाने आपली सावली आपल्याच पावलांनी मोजून बघितली तर दोघांचं उत्तर जवळजवळ सारखंच आलं, आणि त्यावर दोघंही जरा हिरमुसले.

सकाळची फेरी आईंसाठी. रात्रभर जमीन निवलेली असते, त्यामुळे ऊन कोवळं असेपर्यंत त्यांना बरं वाटतं. मुलं सुट्टीत इतक्या लवकर उठत नाहीत. त्यांना उठवू नका. सकाळी आम्ही दोघीच जातो. खरं सांगू का, सासू-सुनेचं जे बोलणं घरात होत नाही ते बाकावर होतं. घरात कुणीतरी कायम ऐकत असतं.

तब्येतीचं थोडं सांगून टाकते, कारण तुमच्याकडेही एक टोक लहान आणि एक म्हातारं आहे. वय वाढलं की तहानेची जाणीव कमी होते. म्हणून “आई, पाणी हवंय का?” असं विचारू नका, उत्तर ‘नको’च येणार, पेला हातात द्या. लहान मुलांचं शरीर वजनाच्या मानाने जास्त उघडं पडलेलं असतं, म्हणून ती मोठ्यांपेक्षा लवकर तापतात, आणि खेळात असली की सांगत नाहीत. घसरगुंडीवर पाठवण्याआधी आपल्या हाताची मागची बाजू तिच्यावर टेकवून पाहा. पाच सेकंद ठेववत नसेल तर मुलालाही बसवू नका. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून कापड टाकतात, त्याने आत हवा कोंडते आणि गाडी जास्तच तापते. बंद मोटारीत तर ‘पाचच मिनिटं’ म्हणूनही कुणाला ठेवू नका, काच थोडी खाली असली तरीही. उन्हात दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी वाढू शकतं. कुणाला गरगरलं, मळमळलं किंवा डोकं दुखायला लागलं की त्या दिवशीची फेरी तिथेच संपली. सावलीत बसवायचं, मानेवर आणि काखेत ओलं कापड ठेवायचं. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा शुद्ध हरपली तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता तो मुलांचा प्रश्न: “तिथे आहे काय बघायला?” तुम्ही काही दाखवू नका. मी पहिल्या वर्षी मार्गदर्शक झाले होते. हे बघा झाड, हे बघा पाखरू. मुलांना शाळा सुरू झाल्यासारखं वाटतं. गप्प बसणं फार अवघड आहे, पण काम तेच करतं. मी बाकावर काहीतरी निवडत किंवा नुसतीच बसायचे. कंटाळ्याची पहिली वीस मिनिटं ढकलली की मुलं आपोआप खाली बघायला लागतात.

आमच्या मुलाने असंच मुंग्यांना धरलं. बाकाच्या पायाला लागून त्यांची रांग होती. त्याने रांगेवर आडवं बोट घासलं आणि रांग तुटली. पुढच्या मुंग्या त्या रेघेशी येऊन थबकायच्या, इकडेतिकडे करायच्या, मागे वळायच्या. मुंग्या एकमेकींनी सोडलेल्या वासाच्या खुणेवर चालतात आणि बोटाने ती खूण पुसली जाते, एवढंच त्याला शाळेत कळलं होतं. पण पुसलेली वाट पुन्हा जोडायला त्यांना किती वेळ लागतो, हे पुस्तकात नव्हतं, म्हणून तो रोज मोजायला लागला. त्याची वही मी उघडलेली नाही. तेरा वर्षांच्या मुलाची वही उघडायची नसते.

मुलीने झाड आणि शेड यांच्यात भांडण लावलं. दोन्हीकडे सावलीच, मग पत्र्याखाली भट्टी का? ती पळत जाऊन दोन्हीकडे थोडा थोडा वेळ बसायची. पत्रा स्वतः तापतो आणि खालच्या माणसावर ती उष्णता फेकतो. झाडाच्या पानांतून मात्र पाण्याची वाफ बाहेर पडत असते, आणि पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती पानांतून आणि आसपासच्या हवेतून जाते. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “म्हणजे झाडाला घाम येतो?” मी हो म्हणून टाकलं. फार चुकलं नसावं. दुसऱ्या दिवशी तिने पाण्याच्या एका बाटलीला ओला रुमाल गुंडाळला, दुसरी तशीच ठेवली आणि आजीला दोन्हीतलं पाणी प्यायला लावून परीक्षा घेतली. रुमालाचं गार निघालं. तुमच्याकडे हवा दमट असेल तर हा प्रयोग फसेल, कारण ओलावा उडतच नाही. मग मुलांना आधीच फुशारकी मारू देऊ नका.

एकाच जागी बसण्याचा खरा फायदा चंद्राने दाखवला. पौर्णिमेला तो सूर्य मावळता मावळता समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून वर आला. दुसऱ्या दिवशी मुलगी त्याच वेळी वाट बघत बसली आणि तो आलाच नाही. “चंद्राला उशीर झालाय,” तिने जाहीर केलं. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, काही दिवशी कमी, काही दिवशी जास्त. तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठी थांबायचं तर जेवणाची वेळ टळली असती. त्यावरून जी वादावादी झाली तिच्यात आजी नातीच्या बाजूने होत्या. रोज नव्या ठिकाणी गेलो असतो तर चंद्र उशिरा येतो हे कुणाच्या लक्षात आलं असतं?

परत कधी निघायचं, यावरून सगळ्यात जास्त कटकट होते. आम्ही रोज एकाला म्होरक्या करतो. तो म्हणेल तेव्हा उठायचं, कुणी वाद घालायचा नाही. पहिल्यांदा आईंची पाळी आली तेव्हा त्यांनी बारा मिनिटांत “चला” म्हटलं. दोन्ही मुलं ओरडली, “आजी, आत्ता तर आलो!” मला ते ऐकून जो आनंद झाला तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. मन भरायच्या आत उठलेली फेरी दुसऱ्या दिवशी स्वतःच दार ठोठावते. ‘अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं’ करत दमेपर्यंत बसलो, की घरी येताना कुणीतरी रडतंच. बहुतेक वेळा मी.

रोज जायलाच हवं असंही नाही. काही दिवशी हवा इतकी वाईट असते की घरात पडदे लावून लोळत राहणं हेच शहाणपणाचं. फोनचं म्हणाल तर मी बंदी घातली नाही. फक्त चार्जर सोबत न्यायचा नाही. तेवढं पुरतं.

तुमच्या नवऱ्यासारखाच आमचाही अंधार पडल्यावर येतो. त्याच्या वाट्याला गच्ची. जेवणं झाली की सतरंजी घेऊन वर जायचं. त्याला फार काही येत नाही, पण सप्तर्षी ओळखता येतात आणि तेवढ्यावर भागतं. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवत नेली की नारिंगी झाक असलेला एक ठळक तारा लागतो, ती स्वाती. आणखी पुढे गेलं की चित्रा. स्वाती आपल्यापासून सुमारे ३७ प्रकाशवर्षं दूर आहे. मी ४५ वर्षांची, म्हणजे आज डोळ्यांत शिरलेला तिचा प्रकाश निघाला तेव्हा मी मुलीच्या आत्ताच्या वयाची होते. हे तिला सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “मग आजीचा तारा कुठला?” शोधून काढला. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, ऐंशीच्या थोडी वर प्रकाशवर्षं दूर. आईंच्या वयाला जवळजवळ बरोबर बसतो.

वसिष्ठाला अगदी चिकटून अरुंधती आहे, अंधुक. डोळे चांगले असतील तर दिसते. मुलांना दोघांनाही दिसली, मला डोळे बारीक केल्यावर. आई खुर्चीत मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिल्या. “मला एकच दिसतो,” त्या म्हणाल्या, “पण आहे ती तिथे, लहानपणी रोज बघायचे.” आता मुलगी गच्चीवर गेली की आधी वर बघते आणि आजीला कळवते, आहे म्हणून.

गच्चीवर जाताना सगळ्यांना पूर्ण बाह्यांचं घाला. डासांपुढे आम्हीही हरलोय.