सोलापुरात घरामागे हॉट टब आणि त्यावर गझिबो करायचा आहे. जागा कशी तयार करावी? आहे त्या फरशीवरच ठेवला तर चालेल का?

फरशीवर ठेवू नका. माझं एकदा फसलंय, म्हणून सांगतो.

आमचं घर जुळे सोलापुरात. मिस्त्रीनं फरशी उखडली आणि खालच्या काळ्या मातीवरच चार इंच काँक्रीट ओतलं. मी विचारलं तर म्हणाला, "काय होत नाही ओ साहेब, टबाला काय पाया लागतोय?" मीही मान डोलावली. सप्टेंबरचा पाऊस झाला आणि एका सकाळी झाकण उघडून बघतो तर पाणी एका काठापासून चार बोटं खाली, समोरच्या काठापासून सहा. गझिबोचा एक खांबही ओळंब्यातून गेलेला.

सगळे वजनाला घाबरतात. 1200 लिटर पाणी म्हणजे 1200 किलो, रिकामा टब साधारण 300 आणि पाच माणसांचे 350 धरा. 7 बाय 7 फुटांवर हे पसरलं की चौरस फुटाला 38 किलोच्या आसपास येतात. ते फार नाही. खरी डोकेदुखी काळ्या मातीची. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी प्याली की ती फुगते. त्यात गझिबो आणखी भर घालतो: छपरामुळे मधली माती कोरडी राहते आणि छपरावरचं सगळं पाणी नेमकं कडेला पडतं. मग कडा उचलते, मधला भाग तिथंच राहतो.

म्हणून आधी कोपऱ्यात एक खड्डा घेऊन मुरूम कुठं लागतो ते बघा. आम्हाला अडीच फुटांवर लागला. शेजारच्या प्लॉटवर कदाचित पाच फुटांवर लागेल, तेव्हा कुणाचं ऐकून खोली ठरवू नका. 12 बाय 14 फुटांची सगळी काळी माती काढली, चार ब्रासच्या वर निघाली (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). मग सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून कॉम्पॅक्टर. इथं घाई करणारा मिस्त्री एकदम दोन फूट मुरूम ओतून वरूनच ठोकतो. समोर उभे राहा. आखणी करताना दोन्ही कर्ण मोजायचे, या मापाला 18 फूट सव्वापाच इंच यायला हवेत.

वर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, आणि सहा इंच एम 20 दर्जाचं काँक्रीट, त्यात 10 एमएम सळ्यांची जाळी. टबाखालचा भाग लेव्हल ट्यूब लावून अगदी सपाट, बाकीच्याला बाहेरच्या बाजूला उतार. ड्रेनचा पाइप आणि केबलचा पाइप ओतण्याआधीच टाका. आम्ही एप्रिलमध्ये पहाटे ओतलं, तरी दहा वाजेपर्यंत वरचा थर वाळायला लागला होता. ओलं गोणपाट टाकून चौदा दिवस पाणी मारलं.

गझिबोचे खांब नुसत्या स्लॅबवर स्क्रूनं बसवू नका. वळवाच्या वाऱ्यात छप्पर छत्रीसारखं उचलतं. चारही खांबांना मुरमापर्यंत वेगळे खड्डे, त्यात अँकर बोल्ट. छपराला पन्हळ लावा आणि ते पाणी पाइपनं लांब न्या. माझ्या मते ही पन्हळ लाकडाच्या नक्षीपेक्षा जास्त महत्त्वाची, पण गझिबोवाले तिचं नावही काढत नाहीत.

वीज: हीटर 3 किलोवॅटचा असेल तर तो एकटाच 13 अँपिअर खातो, वर पंप. साध्या सॉकेटवर नको. वेगळी लाइन, 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग घ्या. बोअरचं पाणी जड असतं, हीटरवर क्षार बसतात, नळाचं भरा. पण आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, तेव्हा आधी टाकीचा हिशोब बघा.

टबाभोवती सर्व्हिसच्या बाजूला अडीच-तीन फूट मोकळे ठेवा. आणि ऑर्डर देण्याआधी घराशेजारचा बोळ मोजा. टब उभा करून आणतात, म्हणजे साडेतीन फूट रुंदी आणि साडेसात फूट उंची हवी. आमच्या बोळात सगळं बसलं, फक्त एसीचं बाहेरचं युनिट ऐन वेळी काढावं लागलं आणि टब दोन तास गेटबाहेर उन्हात उभा राहिला.