खालचे दात दिसतच नाहीत

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे. दात मिटले की तिचे खालचे पुढचे दात पूर्ण झाकले जातात. दुखत नाही. दुधाचे सगळे दात पडेपर्यंत थांबू का?

उत्तर : ताई, थांबू नका. वरच्या दातांनी खालच्यांना २-३ मिलिमीटर झाकणं स्वाभाविक आहे. पूर्ण झाकले तर खालचे दात वरच्या हिरडीत रुतू शकतात. तिला उजेडात तोंड उघडायला लावा आणि वरच्या दातांमागे पाहा, दातांचे ठसे उमटलेत का? खालचा जबडा मागे असेल, तर वाढीच्या याच वयात काढता-घालता येणाऱ्या प्लेटचा उपयोग होतो. वाढ थांबल्यावर तारांनी दात सरकतात, जबडा नाही. ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या दंततज्ज्ञांना, आत्ताच दाखवा. अंगठा चोखत असेल तर तेही सांगा. उपचारानंतर रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा साचा) मात्र सांगितल्याप्रमाणे घालायचाच. माझ्याकडची मुलं नेमकी तिथेच कंटाळतात.